चुलीमागील विद्या

प्रतिवर्षी आपल्या या वार्षिकाच्या अखेरच्या पानांवर शालान्त परीक्षेतील यशस्वी विद्यार्थ्यांची नावे छापली जातात आणि त्यांच्या मागोमाग माजी विद्यार्थ्यांची वार्ता येते. कोणास वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळालेला असतो, कोणी सनदी हिशेबनीस झालेला असतो, कोणी परदेशी गेलेला असतो. ही नावे वाचून आम्हां शिक्षकांची छाती अभिमानाने भरून येते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु अमुक विद्यार्थी गॅसच्या नळ्या जोडण्याची व तपासण्याची परीक्षा उत्तीर्ण झाला, अशी एक ओळ त्या पानांवर कधी छापली गेल्याचे मला स्मरत नाही. ही यादी तयार करणाऱ्या मंडळींत गेली अनेक वर्षे मीही आहे. तेव्हा दोष देण्यासाठी मला फार दूर जावयास नको.

या विषयावर चार शब्द लिहावे असे मनात येण्यास एक निमित्त घडले. ते आधी सांगतो. त्यात माझी फजिती असली तरी सांगतो.

आमचे घर रामबागेत. गेल्या वर्षी घरी मंगलकार्य होते, म्हणून स्वयंपाकघराची डागडुजी काढली. ओटा बदलावयाचा, तर शेगडीकडे येणारी गॅसची नळी वीतभर बाजूला सरकविणे प्राप्त होते. काम करणारा कारागीर मोठा चलाख होता. “साहेब, एवढ्याशा कामाला कंपनीचा माणूस कशाला बोलावता? अर्ध्या तासात करून देतो,” असे तो म्हणाला, आणि मी विज्ञानाचा शिक्षक असूनही मान डोलाविली! नळी सरकली, ओटा बसला, त्यावर चकचकीत फरश्या लागल्या. दोन दिवसांनी सौभाग्यवती म्हणाल्या, “मला कसलासा वास येतो आहे.” मला येत नव्हता. सर्दीने माझे नाक बंद होते. परंतु ती गोष्ट सोयीस्करपणे विसरून मी त्यांना भासाचे शास्त्र समजावून सांगितले. सुदैवाने त्यांचा माझ्या शास्त्रापेक्षा स्वतःच्या नाकावर अधिक विश्वास होता. त्यांनी मुख्य खटका बंद केला, खिडक्या उघडल्या, विजेच्या बटणाला कोणी हात लावू नये अशी सर्वांना ताकीद दिली आणि दूरध्वनी केला.

जो तरुण आला त्याने दारातच वाकून नमस्कार केला. हा आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी. त्याचे नाव मी लिहीत नाही. त्याला ते आवडणार नाही. नववीत तो माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसे. त्याच्या वडिलांना एकदा शाळेत बोलावून मी म्हटले होते, “याच्याने पुस्तकी शिक्षण होणे नाही. याला आय.टी.आय.मध्ये घाला म्हणजे झाले.” त्या ‘म्हणजे झाले’ या शब्दांत किती तुच्छता भरली होती, ते बोलताना मला कळले नाही. त्याच्या वडिलांना मात्र कळले असावे. कारण ते काहीएक न बोलता टोपी सावरीत उठून गेले होते.

त्या तरुणाने प्रथम हातातील यंत्राने स्वयंपाकघरातील हवा तपासली. मग शेगडी सोडवून नळीच्या तोंडाशी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी एक पारदर्शक नळी जोडली. तिच्यात रंगीत पाणी होते. आत दाब भरताच एका बाजूचे पाणी खाली गेले व दुसऱ्या बाजूचे वर चढले. त्याने खटका बंद केला, घड्याळ पाहिले, आणि तो स्वस्थ बसला. मीही पाहत राहिलो. दोन्ही बाजूंच्या पातळ्यांतील अंतर हळूहळू कमी होऊ लागले. पहिल्या मिनिटांत तर ते डोळ्यांनाही कळत नव्हते. “सर, गळती आहे,” तो म्हणाला. मग साबणाचे पाणी घेऊन त्याने एकेक जोड पाहिला. नव्या फरशीच्या मागे दडलेल्या जोडावर बुडबुडे आले. फरश्या फोडाव्या लागतील, असे त्याने शांतपणे सांगितले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे यावयाचे होते. मी म्हटले, “आजच्यापुरते चालू करून दे, कार्य उरकले की फोडू. खिडक्या आम्ही उघड्या ठेवू.” तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “सर, तुम्ही सांगितलेले मी कधी मोडले नाही. हे मात्र मला मोडावे लागेल.” त्याने नळीला बूच मारले, खटक्यावर चिठ्ठी बांधली, आणि जोड उघडा करून नवा बसविल्यावाचून व पाण्याची पातळी जागच्या जागी स्थिर राहिलेली स्वतः पाहिल्यावाचून गॅस सोडला नाही. त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटावयास रात्रीचे दहा वाजले.

वाचकहो, ते रंगीत पाण्याचे यंत्र म्हणजे आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील दाबमापक! त्याची आकृती मी कैक वर्षे फळ्यावर काढीत आलो आहे. घरगुती शेगडीला नळीने मिळणाऱ्या गॅसचा दाब सुमारे २१ मिलिबार असतो, म्हणजे जेमतेम एकवीस सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरील एवढा. गावाच्या सीमेवरून पोलादी नळातून येणारा गॅस याच्या सहस्रपटीहून अधिक दाबाचा असतो. तो टप्प्याटप्प्याने उतरवीत शहरातील प्लॅस्टिकच्या नळांत सुमारे ४ बारवर, इमारतीशी त्याहून पुष्कळ कमी आणि शेगडीशी २१ मिलिबारवर आणतात. या प्रत्येक पायरीवर एक नियामक झडप असते, आणि ती झडप बसविणारा, तपासणारा व वेळेवर बदलणारा एक मनुष्य असतो. आपल्याला त्या मनुष्याचे नाव ठाऊक नसते. तो ‘गॅसवाला’ असतो.

या ‘गॅसवाल्या’ला काय काय ठाऊक असावे लागते याचा आपण कधी विचार करतो काय? एक साधा प्रश्न घेऊ. गळलेला गॅस खोलीत वर जातो की खाली बसतो? वर्गात विचारला, तर निम्मे हात ‘वर’ म्हणतात व निम्मे ‘खाली’. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि दोन्ही चूक आहेत! नळाने येणारा गॅस मुख्यत्वे मिथेन असतो. त्याचा रेणुभार १६ आणि हवेचा सरासरी २९; म्हणून तो छताशी जमतो. टाकीतील गॅस प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण. त्यांचे रेणुभार ४४ आणि ५८. तो जमिनीलगत पसरतो, पायऱ्या उतरतो, मोरीत आणि तळघरात साचतो. म्हणजे एका घरी झरोका वर हवा आणि दुसऱ्या घरी खाली. रसायनशास्त्रातील रेणुभाराचा धडा ज्याने केवळ पाठ केला त्याला परीक्षेत दोन गुण मिळतील; ज्याला तो समजला नाही आणि ज्याने तरीही हातात पाना घेतला, तो एखाद्या कुटुंबाचा घात करील.

तीच गोष्ट ज्वलनाची. एक भाग मिथेन पुरा जळावयास सुमारे दहा भाग हवा लागते. ती कमी पडली तर ज्योत पिवळी होते, भांडी काळी पडतात आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. या वायूला रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनाशी त्याची सलगी प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहूनही अधिक. हिवाळ्यात लहानशा बंद न्हाणीघरात गॅसचा बंब लावून आंघोळीस गेलेली धडधाकट माणसे बाहेर येत नाहीत, अशी वार्ता दर वर्षी कोठून ना कोठून वाचावयास मिळते. बहुधा तेथे नळी फुटलेली नसते आणि गळतीही नसते. बंब कोठे बसवावा, त्याचा धूर बाहेर कसा काढावा व ताजी हवा आत कशी यावी हे ज्याला शिकविले गेले नाही, अशा कोणीतरी तो बसविलेला असतो. “गिऱ्हाईकाने सांगितले, तेथे लावला,” एवढेच त्याचे म्हणणे. गिऱ्हाईकाला ‘नाही’ म्हणता येणे हा या विद्येतील सर्वांत कठीण धडा आहे, असे मला त्या रात्री दहा वाजता पटले.

आता वासाविषयी. मिथेनला स्वतःचा वास नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्याला जो कुजक्या कोबीसारखा दर्प येतो, तो मुद्दाम घातलेल्या एथिल मरकॅप्टनासारख्या गंधकयुक्त द्रव्याचा. हवेत शंभरात पाच ते पंधरा भाग मिथेन मिसळला म्हणजे ते मिश्रण ठिणगीने स्फोट पावते. म्हणून शंभरात एक भाग असतानाच माणसाच्या नाकाला कळावे, इतका दर्प त्यात घालण्याची रीत आहे. ही रीत सर्वत्र रूढ होण्यामागे एका शाळेची कहाणी आहे. ती शाळेच्या वार्षिकात अवश्य सांगितली पाहिजे.

अमेरिकेतील टेक्सस संस्थानात न्यू लंडन नावाचे गाव आहे. सभोवार खनिज तेलाच्या विहिरी. त्यामुळे गाव श्रीमंत आणि शाळाही श्रीमंत. तरीही १९३७ च्या आरंभी शाळेच्या व्यवस्थापकांनी काटकसर म्हणून विकतचा गॅस बंद केला आणि तेलविहिरींवरून जाणाऱ्या, एरवी वाया जाणाऱ्या गॅसच्या नळाला शाळेची नळी जोडून घेतली. त्या गॅसला वास नव्हता. इमारतीखालच्या पोकळीत तो साचत गेला. मुलांची डोकी दुखत. त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी, शाळा सुटावयास थोडाच वेळ उरला असताना, हस्तव्यवसायाच्या शिक्षकाने लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र सुरू केले आणि ठिणगी पडली. सुमारे तीनशे मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही आठवड्यांतच टेक्ससच्या विधिमंडळाने गॅसमध्ये दर्प मिसळण्याची सक्ती करणारा कायदा केला. आणि अभियंता म्हणून काम करावयाचे तर नोंदणी हवी, असा दुसरा कायदाही त्याच वर्षी झाला. आमच्या घरी सौभाग्यवतींना जो वास आला, त्यात त्या मुलांचा वाटा आहे.

आपल्या मध्य प्रदेशात तर ‘गॅस’ हा शब्दच निराळ्या रीतीने उच्चारला जातो. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळ येथे जे घडले, ते येथील प्रत्येक घराने ऐकले आहे. कित्येकांचे आप्त त्यात गेले. तो वायू अर्थातच निराळा. मिथिल आयसोसायनेट हे कीटकनाशकांच्या कारखान्यातील अतिविषारी द्रव्य. स्वयंपाकाच्या गॅसशी त्याचे काही नाते नाही, आणि दोहोंची गल्लत करून भिण्याचे कारण नाही. परंतु एक धागा समान आहे. साठवणीच्या टाकीत पाणी शिरले; ती थंड ठेवण्याचे यंत्र बंद होते; निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवला होता. आणि त्याआधीच्या काळात तेथील कामगारांची संख्या व त्यांच्या प्रशिक्षणाचा अवधी, दोन्ही कमी करण्यात आले होते, असेही पुढे झालेल्या चौकशांत नोंदले गेले आहे. यंत्रांच्या उणिवांविषयी पुष्कळ लिहिले गेले. शिकविण्याचे दिवस कापले गेले, याविषयी मात्र मानाने थोडे.

कोणी म्हणेल, की हे सर्व खरे. पण इंदूरच्या मुलांना याचे काय? तर इंदूरच्या मुलांनाच याचे सर्वांत अधिक! गेल इंडिया व हिंदुस्थान पेट्रोलियम या दोन सरकारी कंपन्यांनी मिळून २००६ साली स्थापिलेली अवंतिका गॅस ही कंपनी आपल्या शहरात, उज्जैनीत व ग्वाल्हेरीस नळाने गॅस पुरविते. हजिऱ्याहून निघणारा मोठा नळमार्ग आपल्याच प्रांतातील गुना जिल्ह्यात विजयपूर येथे येतो. देवगुराडियाच्या ज्या कचराभूमीकडे पूर्वी नाकाला रुमाल लावल्याशिवाय जाववत नसे, तेथे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी गोबरधन प्रकल्पाचे उद्घाटन झाले. रोज ५५० टन ओला कचरा घेऊन सुमारे १७,००० किलो गॅस व १०० टन खत निर्माण करण्याची त्याची क्षमता आहे. भाजीची देठे, केळीची साले आणि कालच्या पोळ्या हवाबंद टाक्यांत कुजवून निघणारा वायू गंधकाचा अंश व कर्बवायू काढून शुद्ध करावयाचा, त्यातील मिथेनाचे प्रमाण ९० टक्क्यांवर न्यावयाचे, दाबून भरावयाचा आणि त्यावर शहराच्या बसगाड्या चालवावयाच्या, ही किमया पाहण्यास देशोदेशींचे लोक येतात. आपल्या शाळेची सहल मात्र मांडवगडालाच जाते. मांडवगड सुंदर आहे, याविषयी माझा वाद नाही.

या शहराला कुशल हातांची परंपरा नवी नाही. गिरण्यांचे भोंगे जेव्हा वाजत, तेव्हा गिरणीतल्या फिटरला मोहल्ल्यात मान असे. यंत्र अडले की मालकही त्याच्यासाठी थांबे. १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली, त्याच्या आगेमागे इतर गिरण्याही बंद पडल्या, आणि त्याबरोबर तो मानही गेला. बापाने मुलाला सांगितले, “काहीही हो, पण हात काळे करू नकोस.” हुकुमचंदच्या कामगारांना आपले थकलेले पैसे मिळावयास २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला, हे पाहता त्या बापांना नावे ठेवण्याचे धैर्य मला होत नाही.

परंतु मुलगे-मुली हात काळे करीत नाहीत म्हणून नळ्या जोडावयाच्या राहत नाहीत. मग ते काम कोण करतो? ज्याला दुसरे काही मिळाले नाही तो करतो, आठवडाभर दुसऱ्याच्या हाताखाली उभा राहून. येथेच माझे खरे म्हणणे आहे. घरात विजेच्या तारा ओढावयाच्या तर परवानाधारक ठेकेदार व तारतंत्री लागतो. कारखान्यातील बाष्पक सांभाळावयाचा तर परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा कायदा २००६ साली झाला आणि शहरी गॅसजाळ्याच्या सुरक्षेचे तांत्रिक नियम २००८ साली आले. नळाची जाडी, त्याची खोली, त्याची चाचणी या सर्वांविषयी त्यांत बारकाईने लिहिले आहे. हे उत्तम झाले. परंतु माझ्या घरी पाना घेऊन येणाऱ्या माणसाचे नाव एखाद्या सार्वजनिक नोंदवहीत मला स्वतः शोधून पाहता यावे, त्याला कोणते काम येते व कोणते येत नाही हे तेथे लिहिलेले असावे, आणि त्या वहीत नाव नसलेल्याने गॅसच्या नळीला हात लावणे हा गुन्हा ठरावा, अशी माझी मागणी आहे.

ही कल्पना माझी नव्हे. लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाची बावीस मजली इमारत होती. १६ मे १९६८ रोजी पहाटे अठराव्या मजल्यावरील एका बाईंनी चहासाठी शेगडी पेटविली, आणि स्फोटाने भिंत उडून इमारतीचा एक संपूर्ण कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार माणसे गेली. चौकशीत निघाले काय? शेगडीच्या जोडातील एक हलक्या प्रतीची पितळी चाकी! इमारतीची रचनाही सदोष होती, हे खरेच. तथापि आरंभ त्या चाकीपासून झाला. त्यानंतर १९७० मध्ये तेथे गॅसचे काम करणाऱ्यांच्या नोंदणीची संस्था निघाली. पुढे नोंदणी सक्तीची झाली. आणि १ एप्रिल २००९ पासून ‘गॅस सेफ’ नावाची नोंदवही तिच्या जागी आली. तेथील कारागिराजवळ छायाचित्र असलेले ओळखपत्र असते, त्याच्या पाठीवर त्याला येणाऱ्या कामांची यादी असते, आणि सामान्यतः दर पाच वर्षांनी त्याला पुन्हा परीक्षेस बसावे लागते. परीक्षा पुन्हा! आपल्या विद्यार्थ्यांना हे ऐकून घाम फुटेल, आणि आम्हां शिक्षकांनाही. आमची जर दर पाच वर्षांनी अशी परीक्षा घेतली, तर किती जण उत्तीर्ण होऊ, हा विचार मी येथे करीत नाही.

त्याच देशात गॅस व्यवस्थापकांची विद्वत्सभा १८६३ साली स्थापन झाली आणि १९२९ साली तिला राजसनद मिळाली. वकील आणि वैद्य यांच्याप्रमाणेच गॅस-अभियंताही सनदी असू शकतो, ही गोष्ट तेथे शंभर वर्षांची झाली. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ साली लागले. म्हणजे ही विद्या आपल्याकडे येऊनही दीडशे वर्षे उलटली. दिवे आले, सनद आली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, या मार्गाने जावयाचे तर कसे, हे थोडक्यात सांगतो. कारण याची माहिती शाळेत विचारावयास तुम्ही लाजाल. दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये फिटरचा दोन वर्षांचा आणि वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. आपल्या नंदानगरची संस्था सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार एखाद्या कंपनीत विद्यावेतन घेऊन उमेदवारी करता येते. शहरी गॅसच्या नळजोडणीसाठी हायड्रोकार्बन क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने स्वतंत्र पात्रता ठरविली आहे. ज्यांना पदविका हवी त्यांनी तंत्रनिकेतनात तीन वर्षे यांत्रिकी शिकावी. तेथून पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट आहे. पदवीसाठी १९५२ पासून आपल्या गावात असलेली गोविंदराम सेकसरिया संस्था घरापासून हाकेच्या अंतरावर. आणि याच विषयात पुढे जावयाचे तर धनबाद आणि अमेठी जिल्ह्यातील जायस येथील संस्था. फिटरपासून सनदी अभियंत्यापर्यंत ही एकच वाट आहे. तिच्यावर प्रत्येकाने आपापल्या शक्तीप्रमाणे मुक्काम करावा.

मुलींविषयी मला विशेष लिहावयाचे आहे. गॅसचा वास प्रथम कोणाला येतो? दुपारी घरात एकट्या असणाऱ्या बाईला दार कोणासाठी उघडणे अधिक सुखाचे वाटेल? असे असून या कामावर मला आजवर एकही मुलगी दिसली नाही. प्लॅस्टिकचे नळ विजेच्या उष्णतेने जोडण्याचे काम पाहा. नळाचे टोक खरवडून स्वच्छ करावयाचे, त्याला बोट लागू द्यावयाचे नाही, शिकंज्यात सरळ धरावयाचे, ठरलेला वेळ वीज सोडावयाची आणि मग थंड होईपर्यंत यत्किंचितही हलवावयाचे नाही. बळापेक्षा येथे सावधपणा व धीर यांचे काम अधिक. उतावळ्याचा जोड वरून चांगलाच दिसतो. मग तो मीटरभर मातीखाली जातो आणि दहा वर्षांनी बोलतो.

या मार्गात काटे नाहीत असे सांगून मी तुम्हांला फसविणार नाही. पुष्कळ काम ठेकेदारांमार्फत चालते. वेतन कमी, नोकरी बेभरवशाची, भर उन्हात खड्ड्यात उतरावे लागते, आणि तातडीचे बोलावणे रात्रीबेरात्री येते. माझ्या त्या विद्यार्थ्यालाही पहिली दोन वर्षे पगार वेळेवर मिळाला नाही; कोठे, ते तो सांगत नाही आणि मी विचारले नाही. परंतु मला असे वाटते, की परवान्याची व नोंदवहीची मागणी जशी गिऱ्हाइकाच्या जिवासाठी आहे, तशीच ती या कारागिराच्या पोटासाठीही आहे. ज्या कामाला कोणीही चालतो त्या कामाची किंमत कोणीही पाडतो. वकिलाला सनद नसती तर त्यालाही दिवसाच्या मजुरीवर उभे राहावे लागले असते.

आणखी एक शंका नेहमी निघते. विजेच्या शेगड्या आल्या, उद्या गॅस राहील की नाही कोणी सांगावे! खरे आहे. परंतु दाब, उष्णता, ज्वलन व धातू यांचे ज्ञान ज्याच्या हातात मुरले, तो उद्या हायड्रोजनच्या नळावरही काम करील, रुग्णालयातील प्राणवायूच्याही. २०२१ च्या त्या भयंकर उन्हाळ्यात प्राणवायूच्या टाक्यांसाठी माणसे कशी धावत होती, हे आपण पाहिले आहे. त्या दिवसांत रुग्णशय्येपर्यंत नळ नेणारा फिटर कोणाला ‘गॅसवाला’ वाटला नसेल.

शाळेकडे माझ्या दोनच मागण्या आहेत. देवगुराडियाला नववीची एक सहल जावी. आणि पुढील वर्षीच्या वार्षिकात माजी विद्यार्थ्यांच्या पानावर आय.टी.आय.तून प्रमाणपत्र मिळविणाऱ्यांची नावेही त्याच टाइपात, त्याच ओळीत छापली जावीत. संपादक मंडळाच्या बैठकीत मी हे बोललो, तेव्हा एका सन्मित्रांनी “मग पाने वाढतील” असा आक्षेप घेतला. वाढू द्यावीत!

त्या रात्री काम आटोपून तो निघाला, तेव्हा मी त्याला आग्रहाने बसवून घेतले. शेगडी पेटली होती. पहिला चहा त्यालाच दिला. बोलता बोलता मी म्हणालो, “दाबमापकाचा धडा मी तुम्हांला शिकविला होता, आठवते का?” तो थोडा संकोचला. मग म्हणाला, “सर, तुम्ही आकृती काढली होती. ती वहीत उतरवून घ्यावयास सांगितली होती. पाणी हलते, हे मला आय.टी.आय.मध्ये कळले.”

जाताना तो जुनी एक नळी माझ्याकडे ठेवून गेला. ती आता शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या कपाटावर लावली आहे. रंगासाठी तिच्या पाण्यात कुंकू घातले आहे. पुढील महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, शाळा सुटल्यावर, तो स्वतः येऊन गळती कशी शोधतात ते दाखविणार आहे. नववी व दहावीच्या मुला-मुलींनी यावे. शेवटच्या बाकावरच्यांनी आधी यावे. पुढच्या जागा त्यांच्यासाठी राखल्या आहेत.